कानातलं बोंड, गळ्यातली घंटी

आबा, गेल्या आठवड्यात वसमतला एका मोबाइलच्या दुकानात मी भर दुपारी तोंड वासून ओवी म्हटली. नुसती म्हटली न्हाई. मान खाली घातली, डावी-उजवीकडं फिरवली, जागच्या जागी दोन उड्याबी मारल्या. दुकानदार काउंटरला टेकून बघतच राहिला. रस्त्यावरून चाललेल्या दोन बाया थांबल्या आणि एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. तुम्ही असता तर तुम्हाला त्यात नवल वाटलं नसतं, उलट म्हणाला असता, आणखी जरा लांब उभी राहा. म्हणून हे तुम्हालाच लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर आधी अर्धा तास समजावून सांगावं लागतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते. ही पोरगी पुढं गाण्यावर पोट भरील असं कुणी सांगितलं असतं, तर तुम्ही एवढंच विचारलं असतं, "मंग मेंढरं कोण राखंल?" मेंढरं आता न्हाईत आबा. मी एका संचात गाते. लग्नातली हळद, बारशी, नवरात्र, गावागावांतले कार्यक्रम. हिंगोलीपासून डोंगरकडा गावापर्यंत आमच्या टेम्पोला सगळे ओळखतात. संचात एक कीबोर्ड, एक ढोलकी आणि एक ऑक्टोपॅड, म्हणजे काड्यांनी वाजवायचा पाट. त्यातून ढोल, ताशा, हलगी, पाहिजे ते निघतं. तो वाजवणारा माणूस लाख चांगला, पण त्याला हळू हा शब्द कुणी शिकवलेलाच न्हाई. त्यात मागं भिंतीसारखे स्पीकर. या सगळ्यात मधे मी उभी, आणि माझाच आवाज मला ऐकू येईना. ऐकू येईना म्हणून मी आणखी जोर लावायची. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी घसा असा बसायचा की शेजारणीला हाक मारायची तर टाळी वाजवावी लागायची.

दिवाळीनंतर घसा बसला तो उठेचना. हिंगोलीच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि म्हणाले, आवाजाच्या पडद्यावर गाठ धरायला लागलीय. मी म्हटलं, मी काय ओरडत न्हाई, गाते. ते म्हणाले, "तुम्हाला तुमचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही ओरडताय. असंच चाललं तर ऑपरेशन करावं लागेल, आणि मग आवाज पहिल्यासारखा राहील हे मी सांगू शकत नाही." बाहेर आले आणि दवाखान्याच्या पायरीवरच बसले. आवाज गेला तर माझ्याकडं राहतं काय? पुढं कितीतरी दिवस गप्प राहायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरात मी पाटीवर लिहून बोलायचे. आमचे हे म्हणायचे, बरं झालं, जरा शांतता तर आहे. आणि मग स्वतःच गपचूप माझ्यासाठी गरम पाणी ठेवायचे.

गप्प बसलेल्या त्या दिवसांत मला सारखे तुम्ही आठवायचे, जत्रेतले. दोन्ही अंगाला दोन ढोल, पोटात घुमणारे, आणि मधे तुम्ही, डाव्या कानावर तळहात धरलेला. बाकीचे गाणारे शिरा ताणून ताणून गायचे आणि सकाळी त्यांच्या घशातून नुसती हवा यायची. तुम्ही मात्र सकाळी रोजच्याच आवाजात मेंढरांना हाक घालायचे. मी एकदा विचारलं होतं, "आबा, गाताना कान काहून झाकता?" तुम्ही घोंगडी झटकत होतात. म्हणालात, "ढोलात मी हरवतो गं माय. कान झाकला का मी मला सापडतो." लहानपणी मला वाटलं, तुम्ही थट्टाच करताय.

तर आबा, आता त्या तळहाताच्या जागी एक वस्तू निघालीय. तिला इन-इअर म्हणतात. कानाच्या भोकात घालायचं एक बोंड, रबराचं, कापसाच्या न उमललेल्या बोंडापेक्षाबी बारीक. बोंडाला वायर, वायर कमरेच्या डबीला, आणि डबीत माईकमधून आपलाच आवाज येतो. बोंड कानात गच्च बसलं की बाहेरचा गोंगाट दबतो. महागाची माझ्या ऐपतीतली न्हाईत, पण साधी बरीच निघालीत आणि कोणतं चांगलं यावर मोबाइलमधे लोक तासन्‌तास बोलत असतात. ते सगळं ऐकून माझं डोकं गरगरलं. मंग गप्प राहायचे दिवस सरले तशी संचाची डबी आणि माईक पिशवीत घातला आणि वसमत गाठलं.

दुकानदारानं आधी बिनवायरचं दाखवलं. त्यात माझाच आवाज मला उशिरा यायचा. मी ओळ म्हणून मोकळी झाले की मागून मीच येते. ते ठेवून दिलं. मंग त्यानं वायरवाल्या तीन जोड्या काढल्या. पहिलीत गाणं लावलं तर अहाहा, ढोल कसा छातीत वाजायला लागला! तिच्यातच मन बसलं होतं. पण माईक लावून गायले तर मी पुन्हा ढोलाखालीच. दुसरीत आवाज स्वच्छ, एकेक अक्षर सुटं, फक्त 'स' आला की कानात काटा टोचल्यासारखं व्हायचं. पण बसली मात्र मापानं शिवल्यावानी. "हीच घ्या ताई," दुकानदार म्हणाला, "सगळे हीच नेतात." मी पाकीट काढणारच होते.

आणि तेवढ्यात आबा, याच बाजारातली ती घंट्यांची पथारी माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली. हळदीची पोती भरलेल्या गाड्या चाललेल्या, आणि तुम्ही उकिडवे बसून कळपापुढं चालणाऱ्या मेंढीसाठी घंटी निवडताय. विकणारा एकेक उचलून वाजवून दाखवतो. तुम्ही म्हणता, "हातात तर कोणतीबी वाजती. गळ्यात वाजून दाव." मेंढरं तर दूर रानात. मंग तुम्ही काय केलंत, घंटी सुतळीत ओवून माझ्याच गळ्यात बांधलीत! म्हणालात, चाल. विकणारा पोट धरून हसला. "अरे, लेकराला मेंढी करून राहिला का?" तुम्ही म्हणालात, "व्हय, आजच्या दिस." आणि लांब जाऊन, कानामागं हात धरून उभे राहिलात. मी ताठ चालले तर घंटी नुसती छातीवर आपटायची. तुम्ही तिकडून ओरडलात, "मेंढी अशी चालती का? चरून राहिलीस तू, मान खाली घाल!" पुन्हा दुसरी घंटी, पुन्हा चाल. शेवटी तुम्ही घेतलीत ती घंटी हातात अगदी बोबडी वाजायची. विकणाऱ्यालाबी पटेना. पण पुढं टेकाडापलीकडं मेंढरं गेली तरी ती ऐकू यायची, कितीदा तरी मी स्वतः ऐकलीय.

म्हणून मी पाकीट परत पिशवीत टाकलं आणि दुकानात उभी राहिले. दुकानदार म्हणाला, "ताई, बसून ऐका ना. खुर्ची आहे."

"बसून कोणतंबी बसतंय दादा," मी म्हटलं. "गाताना बसलं पाहिजे."

आणि वरची पट्टी लावली. तोंड पुरतं उघडलं की जबडा हलतो आणि कानाचं भोकच बदलतं आबा! दुसऱ्या जोडीचं डावं बोंड टुपकन खाली लोंबायला लागलं. तिसरी जोडी घातली, तर वायर कानावरून मागं न्यायची होती आणि तिथं माझे सोन्याचे वेल. दोन वेली एका मांडवावर कशा चढतील? वेल काढून पदराच्या गाठीत बांधले. तरी डावं सुटतंच होतं. दुकानदारानं मोठ्या मापाची बोंडं दिली तर आणखीच सुटलं. मग मीच उजव्याला मधलं बोंड ठेवलं आणि डाव्याला बारकं लावलं. तो म्हणाला, "असं कुणी लावत नाही, जोडी एकच लागते." पण ते बसलं! मान घातली, फिरवली, उड्या मारल्या, हलेना. माझा डावा कान बारका आहे हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तिसरीत ढोलाची मजा न्हाई, लखलखाट न्हाई. पण मी मला सापडले. तिथंच माझे डोळे भरून आले आणि दुकानदारानं बिचाऱ्यानं घाईघाईनं पंखा वाढवला.

काल संध्याकाळी कळमनुरीजवळच्या एका गावात हळद होती. गप्प बसल्यानंतरचा पहिलाच कार्यक्रम. घसा धरला तर पुन्हा माईक हातात घ्यायचा न्हाई, असं मी घरी सांगूनच निघाले होते. ऑक्टोपॅडवाला नेहमीसारखाच सुटला. मी पहिली ओळ म्हटली आणि सवयीनं जोर लावणार, तेवढ्यात माझाच आवाज कानाशी आला, लहानसा, नीट. जोर लावायची गरजच उरली न्हाई. पुढची ओळ त्याहून हळू म्हटली, तरी मांडवाच्या टोकाच्या बाया टाळ्या वाजवत होत्या. बोंड कानात होतं, तरी माझा हात आपोआप डाव्या कानावर गेला. लोकांना वाटलं, वायर सावरतेय.

आज सकाळी उठले आणि बोलायची भीती वाटली. मग चुलीपाशी जाऊन म्हटलं, "चहा ठेवू का?" आवाज रोजचा होता, बराबर, तुमचा सकाळी असायचा तसा. आमचे हे म्हणाले, "ठेव की." एवढंच, पण त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं.

तुमच्या तळहाताची बराबरी या बोंडाला यायची न्हाई आबा, पण त्याच्याच घरातलं आहे ते. हा कागद कुणाच्या पत्त्यावर टाकू? इन-इअरच्या खोक्यात एक बारकं आणि एक मधलं बोंड उरलंय, त्यांच्याशेजारी घडी करून ठेवते. फक्त एक राहिलंय, ते कधी बोलले न्हाई. त्या दिवशी बाजारात मान कशी घालायची ते मला पहिल्याच खेपेला कळलं होतं. पण मी ताठ चालले की तुम्ही तिकडून चालत यायचे, माझ्या मानेवर हात ठेवून ती हळूच खाली वाकवायचे. म्हणून मी पुन्हा पुन्हा ताठच चालत राहिले.