रोज सहाला जाणारं इंटरनेट

सौ. विहीणबाई यांना,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मी सांगितलेलं मलम दिवसातून दोनदा लावता, की आठवण झाली तर लावता? (एकतीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं आहे, माणसं मलम कशी लावतात ते मला ठाऊक आहे.) जावईबापूंचा खोकला आता बरा असेल. मुलीची खुशाली विचारत नाही, कारण हे पत्र तिच्यापायीच लिहायला बसले आहे. म्हणजे तसं ते राउटरविषयी आहे, पण दोन्ही गोष्टी एकमेकींत अशा गुंतल्या आहेत की कुठली वायर कुठे जाते तेच मला समजेनासं झालं आहे.

तुमच्या घरी गेले तीन आठवडे असा समज आहे की मी मुलीचा व्हिडिओ फोन तिच्या तोंडावर बंद केला. तुम्ही तिच्या शेजारीच विणत बसला होतात, म्हणजे साक्षीदार आहात. ती म्हणाली, "आई, बँकेचा राजीनामा दिला. एक तारखेपासून सुतारकाम शिकायला जाते आहे." माझ्या कपाळावर आठी पडली, आणि त्याच क्षणी तुमच्याकडे माझं चित्र थिजलं. मग, तुम्हीच नंतर ह्यांना सांगितलंत त्याप्रमाणे, ती आठी बराच वेळ पडद्यावर राहिली आणि नाहीशी झाली. मुलीनं काढायचा तो अर्थ काढला. तिला दोष देत नाही. रागावले की मी बोलणं बंद करते, हे आमच्या घरी सर्वांना माहीत आहे. (दहावीत असताना तिच्याशी एकदा नऊ दिवस बोलले नव्हते. कारण आता आठवत नाही, दिवस मात्र आठवतात.) पण ह्या वेळी ते मी केलेलं नाही, इंटरनेटनं केलं. ते पुराव्यासकट सिद्ध करायचं असं मी ठरवलं, कारण पुराव्याशिवाय ती कशावरही विश्वास ठेवत नाही. हा गुण माझ्याकडूनच गेला आहे.

त्या फोनच्या दोनच दिवस आधी इंटरनेट कंपनीच्या माणसांनी नवी वायर टाकली होती. ती ह्यांच्या खोलीच्या खिडकीतूनच आत घेता येत होती, म्हणून राउटरचा डबाही ह्यांच्या टेबलावर, नकाशांच्या गुंडाळ्यांमध्ये बसला. (निवृत्त झाले तरी ह्यांचं जमीन मोजणं संपलेलं नाही.) मी नोंदींसाठी एक वही केली. तारीख, वेळ, लक्षण. चार दिवसांत स्पष्ट दिसलं की इंटरनेट रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास जातं आणि सातच्या सुमारास आपोआप येतं. ठराविक वेळेला चढणारा ताप आम्ही दुकानात पुष्कळ पाहिला आहे, त्याचं कारण सापडतं. इथे ते सापडेना.

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. आधी एक ध्वनिमुद्रित बाई बोलली. माझा फोन त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, असं तिनं चौदा वेळा सांगितलं. (मोजलं.) मग एक खरी मुलगी आली. तिनं विचारलं, "मॅडम, डब्यावरचा तिसरा दिवा हिरवा आहे की निळा?" मी म्हटलं हिरवा. हे मागून म्हणाले निळा. विहीणबाई, लग्नाच्या शालूपासून आमचा हा वाद चालू आहे. ती मुलगी म्हणाली, "दोघांनी मिळून एक काहीतरी ठरवून सांगा." मी खात्री करायला आपल्या मुलीलाच साधा फोन लावला. तिनं उचलला. "बोल," म्हणाली. मी विचारलं, तुमच्या राउटरचा तिसरा दिवा कुठल्या रंगाचा आहे? मग "हिरवा" म्हणून तिनं फोन ठेवला. आमचाही हिरवाच आहे, असं मी कंपनीला कळवलं.

कंपनीतल्या मुलीचा उपाय एकच, डबा बंद करून चालू करा. जावईबापूंचाही तोच. वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंचाही तोच. इतकी माणसं इतकं शिकून शेवटी बंद करून चालू करायलाच सांगतात, हे मला अजून समजलेलं नाही. आमच्याकडे आलेल्या गिऱ्हाइकाला आम्ही "जरा मरून परत जिवंत व्हा" असं कधी सांगितलं नाही.

मग डब्याच्या मागे एक बारीक भोक दिसलं. त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबायचं, असं माहितीपुस्तकात लिहिलं होतं. कधी दाबायचं ते पुढच्या पानावर होतं, आणि पान मी नंतर उलटलं. डबा आपलं नाव, पासवर्ड, सगळं विसरला. मोबाइलवर यादी उघडली तर आजूबाजूच्या सगळ्या बिऱ्हाडांची इंटरनेटं दिसू लागली, फक्त आमचं नाही. त्यातल्या एकाचं नाव "फुकट मिळणार नाही" असं आहे. तळमजल्यावरच्या शिंप्याचं असावं, स्वभाव तसाच आहे. आमच्या डब्याला नवा पासवर्ड द्यायला दोन दिवस लागले, कारण प्रत्येक शब्द "फार सोपा आहे" म्हणून तो नाकारत होता. शेवटी एका खोकल्याच्या औषधाचं पूर्ण रासायनिक नाव दिलं. ते त्याला पटलं. आता ते ह्यांना टाइप करता येत नाही.

सहाचा ताप चालूच. मी संशयितांची यादी केली. लिफ्ट, आमचा कुकर, वरच्या डॉक्टरीणबाईंचा मिक्सर. त्यांना सांगून चार दिवस सहा ते सात मिक्सर बंद ठेवायला लावला. बिचारीनं मुकाट्यानं ऐकलं. (लहानपणी आमच्या दुकानातून जंताचं औषध नेत असे, तो वचक अजून आहे.) काही फरक नाही. लोखंडी कपाट आडवं येतं असं कुणी म्हटलं, म्हणून ते सरकवलं. त्यामागे मुलीचा शाळेतला लाकडी पेनाचा डबा सापडला. सरकतं झाकण, तिनं स्वतः तासलेलं. अजून नीट सरकतं. त्याचा इंटरनेटशी काही संबंध नाही.

कंपनीचा माणूस दोनदा सकाळी येऊन गेला. सकाळी सगळं ठणठणीत. तिसऱ्या वेळी मी निक्षून सांगितलं, सहाला पाच कमी असताना यायचं. तो आला आणि ह्यांच्या खोलीत डब्यासमोर बसला. मी वही घेऊन उभी. सहा वाजले. हे उठले, काठी घेतली, टोपी घातली आणि फिरायला निघताना दारापाशी थांबून भिंतीवरची चारही बटणं एका हातानं बंद केली. पंखा गेला, दिवा गेला, डबा गेला.

मी ओरडले, "अहो, हे काय करता?"

ह्यांनी दाराकडे बोट दाखवलं. तिथे माझ्याच अक्षरात पाटी आहे: खोली सोडताना सर्व बटणे बंद करावीत. "सर्व" शब्दाखाली दोन रेघा. "पस्तीस वर्षं करतोय," म्हणाले, "आजच का चुकलं?"

परत आल्यावर चारही बटणं चालू करायची, हेही मीच शिकवलेलं. तो माणूस ह्यांच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, वायरीत दोष नाही." आणि माझ्या वहीवर सही करून गेला.

तेव्हा विहीणबाई, पुरावा हा असा आहे. त्या रविवारी मुलीनं पावणेसहाला फोन केला. तिची प्रस्तावना नेहमीच लांबते, त्यामुळे राजीनाम्यापर्यंत यायला सहा वाजले, आणि हे टोपी घालून निघाले. फोन मी तोडला नाही. तोडला माझ्या पाटीनं. ह्या दोन्हींत फरक आहे असं माझं मत आहे. ह्यांचं मत वेगळं आहे, पण ते विचारात घेण्याची गरज नाही.

घरच्या सर्वांना यथायोग्य नमस्कार व आशीर्वाद. गुडघा दुमडून बसू नका.

आपली,
विहीण

ता. क. एक गोष्ट राहिली. चित्र थिजलं तेव्हा मी चष्मा काढला होता, कारण असलं काही मला समोरच्याचा चेहरा दिसत असताना बोलता येत नाही. टेबलाकडे बघत मी जवळजवळ दहा मिनिटं बोलले. म्हटलं, अठराव्या वर्षी तुला लाकूडच हवं होतं आणि मी अडवलं. बँकेची परीक्षा तू माझ्या भीतीपोटी दिलीस, हे मला तेव्हाही कळत होतं. आता शिक. चांगलं केलंस. आणखीही काही म्हटलं, ते लिहिण्यासारखं नाही. चष्मा घातला तर पडद्यावर गोल चकती फिरत होती. आयुष्यात एकदाच बोलले आणि ते कुठेच पोचलं नाही. पुन्हा मला जमणार नाही. तुमची जीभ गोड आहे, तुम्ही तिला सांगा. माझं नाव घेतलंत तरी चालेल.

ता. क. २ राउटर गेले नऊ दिवस उत्तम चालू आहे. पाटीत "राउटर सोडून" असं घातलं आहे. रोज सहाला मी मोबाइल समोर ठेवून बसते आणि तो एकदाही अडकत नाही. तिला फोन न करायला माझ्याकडे आता कुठलंच तांत्रिक कारण उरलेलं नाही, म्हणून हे पत्र आजच्या आज टाकते आहे. रविवारच्या आत तिला सांगा. रविवारी मी फोन करणार आहे, आणि तेव्हा मला फक्त सुतारकामाविषयी विचारायचं आहे.