चौथ्या टेकमधली फुसफुस

ताई,

रेकॉर्डिंगमधून तू उठून गेलीस, त्याला चार महिने झाले. आपली सगळी फुंकायची वाद्यं, त्यात ती आधुनिक रचना इतकी हळू, की माइकला सुई पडलेलीही ऐकू गेली असती. चौथ्या टेकला रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून म्हणाला, "कुणाचा तरी श्वास येतोय." सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तुला दमा ना! तू ओशाळून म्हणालीस, "माझाच असणार. माझ्याशिवाय करा." आणि तुझं वाद्य, ओबो, पेटीत ठेवून निघालीस.

मी मान खाली घालून बसलो. माझ्या क्लॅरिनेटच्या एका कळेखालची गादी झिजली होती, तिथून हवा गळत होती. सकाळीच लक्षात आलं होतं. बदलायचा कंटाळा केला.

पाचव्या टेकलाही फुसफुस होतीच. रेकॉर्डिस्ट नुसता माझ्याकडे बघत राहिला. जेवणाच्या सुट्टीत मी गुपचूप गादी बदलली. सहावा टेक स्वच्छ आला. तोच प्रसिद्ध झाला, तुझ्या ओबोशिवाय.

काल जेवताना आई म्हणाली, "ताई ओबो कुणाला तरी देऊन टाकतेय. फुंकायची ताकद राहिली नाही म्हणते."

मी म्हटलं, "हो का?" आणि आमटी वाढून घेतली.

हेही पत्र ड्रॉवरमध्येच जाणार.

तुझा,
शेजारच्या खुर्चीवरचा भाऊ