परतीची हमी

माय, तू गेलीस त्याला किती वर्षं झाली, तरी तुझ्याशी भांडायची माझी हौस काही फिटत नाही. सकाळपासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. शेजारची मुलगी एकटी परदेशी निघालीय. व्हिसा कसा काढायचा म्हणून विचारायला आली आणि मी आमच्या वेळचं सांगत सुटले. आधी पासपोर्ट, त्यासाठी घरी पोलिसांची चौकशी, मग मुंबईला जाऊन व्हिसा. ती हसून गेली, पण मला तेव्हापासून चैन नाही.

अमरावतीच्या मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवत होते, आणि समुद्र पाहिला नव्हता! जपानातल्या एका शिक्षिकेशी माझा पत्रव्यवहार होता. ये, माझ्याकडेच राहा, असं तिनं कळवलं. झालं, मला दुसरं काही सुचेना. मी पासपोर्टसाठी अर्ज केला. तू मात्र अकोल्याच्या स्थळाकडे डोळे लावून बसलेली. मुलाचे मामा आधी घर पाहून जाणार होते. मी शाळेत असताना चौकशीला पोलिसांचा माणूस आला, साध्या धोतर-टोपीत, आणि तू त्यालाच मामा समजलीस. पाट मांडून शिरा वाढलास. तो विचारतोय, मुलीचं वय काय, चालचलन कसं, शेत-वावर कोणाच्या नावावर. स्थळवाले तरी दुसरं काय विचारतात? शेवटी म्हणाला, "गेल्यावर परत येते याची काय खात्री?" तू सासरचं समजून ठसक्यात सांगितलंस, "आमची पोरगी एकदा गेली का गेली जी. परत येनार नाही, लिहून घ्या."

त्यानं खरंच लिहून घेतलं. अर्ज अडला.

खरे मामा नंतर आले. मुलगी एकटी परदेशी जाते म्हटल्यावर चहा न घेताच उठले. तू कपाळाला हात लावलास, "मंग शिरा खाल्ला तो कोन होता व माय?" मी किती बोलले तुला! तू म्हणालीस, "मले काय मालूम? कपाळावर लिहून आला होता काय तो?" पण दुसऱ्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन माझ्याआधी पोलीस कचेरीत तू हजर. साहेबानं विचारलं, एकट्या बाईच्या परतीची हमी कोण घेणार? तू पुढं होऊन म्हणालीस, "मी घेतो. वावर आहे माह्या नावावर. तिले यावंच लागते, मी आहो न इथं!" आणि अंगठा दिलास. पासपोर्ट हाती आला. मुंबईला व्हिसाच्या साहेबानं विचारलं, सोबत कोण? कोणी नाही, म्हटलं मी. व्हिसा मिळाला.

जपानहून परत आल्यावर तुला सगळं सांगितलं, बोटीचं, बर्फाचं, तिथल्या पोरींचं. एक सोडून. तिथल्या शाळेत मला जागा देत होते, आणि मला राहायचं होतं. जीव तुटत होता माय. बोटीवर चढले ती फक्त तुझ्या शब्दापायी. तू दारात माझी दृष्ट काढत होतीस, आणि मला रडू येत होतं ते आनंदाचं नव्हतं. हे कळलं असतं तर तू डोळ्याला पदर लावला असतास, का "मंग राहायचं होतं न तिथंच, बह्याडे!" म्हणाली असतीस? मला अजून सांगता येत नाही.