शेवयांची फळी

तीर्थपुरी,
६ एप्रिल २०२५

चि. भावनास,
दादाचा सप्रेम जयभीम. वि. वि. आईला फोनवर ऐकू येत नाही आणि पत्र वाचून दाखवलं की ती खूश होते, म्हणून हा उद्योग.

सोबत आपल्या शेवयांच्या फळीचे फोटो आहेत. परवा गल्लीतल्या बायका तिच्यावर शेवया वळत होत्या, तेव्हा आबांनी नेहमीचं पुराण लावलं. बहात्तरच्या दुष्काळात गोव्याला कामाला गेल्तो, एका गोऱ्यानं ही फळी दिली, मी हिच्यावर उभा राहून लाटेवरून आल्तो. बायका हसल्या. मीही हसलो, आणि फळी जालन्याच्या भंगारातली असंल म्हणालो. जो माणूस गोदावरीत गुडघ्याच्या पुढं जात नाही, तो समुद्रात काय जाईल? तेव्हापासून आबा माझ्याशी बोलत नाहीत, ताटही माझ्या हातून घेत नाहीत. तू गोव्यातच आहेस, तर फळी कसली आणि कधीची ते विचार. मला बापाचा अबोला सोसवेना.

शेवया पाठवल्यात. आम्हाला विसरायचं असेल तर त्या संपल्यावर.
तुझा, संघपाल

कलंगुट,
१७ एप्रिल

ती. दादास,
जयभीम. शेवया पोचल्या, अर्ध्या संपल्यासुद्धा.

इथं जुने सर्फबोर्ड जमवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी फोटो पाहताच सांगितलं, की हा सर्फबोर्डच आहे. मधोमध लाकडाची पट्टी आहे आणि पायाला दोरी बांधायची सोय नाही, म्हणजे जुना. नेमका काळ बोर्डाखालच्या, माशाच्या परासारख्या पात्याच्या आकारावरून कळतो, पण फोटोत पात्याच्या जागी करवतीची खूण दिसते. पातं कुठंय?

वरच्या बाजूला टाचांचे दोन खड्डे आहेत, तेही त्यांनी दाखवले. दोन्ही उजव्या अंगाला. म्हणजे फळीवर जो कोणी वावरला, तो डावीकडं तोंड करून, उजवा पाय पुढं ठेवून उभा राहायचा. असे लोक कमी असतात म्हणे.

आबांच्या पायांना हात लावून नमस्कार. ओरडू नकोस त्यांच्यावर.
भावना

तीर्थपुरी,
२६ एप्रिल

चि. भावनास,
सप्रेम जयभीम. पातं आईनं कापवलं. लग्न होऊन आली तेव्हा फळी सपाट बसेना, शेवया घसरायच्या. आबा मंठ्याला गेल्ते, तेवढ्यात तिनं सुतार बोलावला. पातं आजही गोठ्याच्या दाराला पाचर आहे. फोटो पाठवतो. ते खड्डे मात्र गोऱ्याचेही असतील. बायका त्यात पिठाचे गोळे ठेवतात.

आबा अजून अबोल. तुझ्या पत्राची वाट पाहतोय, हे आईला कळू देऊ नकोस.
संघपाल

कलंगुट,
५ मे

ती. दादास,
जयभीम. पातं पाहून बाई म्हणाल्या, साठच्या दशकाच्या अखेरचं. आबांचा काळ जुळतो. खड्डे कोणाचे, ते तूच बघ. काही न सांगता आबांना फळीवर उभं कर आणि पाय बघ.

काय होतं ते लगेच लिही, नाहीतर मीच तिकडं येऊन बसेन.
भावना

तीर्थपुरी,
१२ मे

चि. भावनास,
जयभीम. आज फळी अंगणात ठेवली आणि आबांना एवढंच म्हणालो, की उभे राहा.

त्यांनी चपला काढल्या. उजवा पाय पुढं गेला, टाचा बराबर खड्ड्यांत बसल्या, गुडघे वाकले, हात पसरले. काठी कधी पडली त्यांना कळलंही नाही. मी धरायला पुढं झालो, तर इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलले, की बाजूला हो, लाट येऊन राह्यली.

मी बाजूला झालो. मला रडू आलं, ते लिहितो.

आई उठून गोठ्यात गेली आणि पाचर घेऊन आली. साडीच्या पदरानं पुसून तिनं ती आबांच्या पायाशी ठेवली.

दाराला आता दगड लावलाय. तुझी माया आहे तशीच राहू दे.
संघपाल