बाटलीवर झिंगरूच राहील

मी, बायनाबाई झिंगरू मडावी, वय एकसष्ट, राहणार आंबेझरी, तालुका भद्रावती, जिल्हा चंद्रपूर, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या धाकाला किंवा भिडेला न जुमानता हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो माझा मुलगा लोकेश याच्या समाधानासाठी. मला स्वतःला शंका नव्हती.

१. राहते घर आणि नाल्याकाठचे धानाचे शेत लोकेशला मिळावे. तो व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली गेटवर गाइड आहे. पाहुण्यांना 'लोकेश' जड जाते म्हणून तिथे तो 'लकी' म्हणवून घेतो. घराच्या कागदावर मात्र लोकेशच लिहावे.

२. मधाचा धंदा, भांडी, दोर आणि 'झिंगरू' हे माझ्या नावे नोंदलेले मधाचे नाव माझी सून दीपाली हिला मिळावे. लोकेशचा त्यावर कसलाही हक्क नाही. कारण सांगते.

झिंगरू माझे यजमान. मोहाची फुले वेचताना वाघिणीने त्यांना नेले. दुसऱ्या दिवशी पेपरात आले, 'रियाच्या हल्ल्यात इसम ठार'. वाघिणीचे नाव होते, फोटोही होता. माझा माणूस नुसता 'इसम'. वाघिणीवर माझा राग नाही. तिने काही आपले नाव स्वतः ठेवले नव्हते. पण त्याच हंगामात मी मधाच्या बाटल्यांवर 'झिंगरू' छापून घेतले.

मध चालला. मग आमचा मध घेणाऱ्या एका मोठ्या रिसॉर्टचे साहेब करार घेऊन घरी आले. म्हणाले, "माताजी, मध एक नंबर आहे, फक्त नाव बदला. जर्मन असो, जपानी असो, बंगाली असो, पटकन म्हणता आलं पाहिजे. 'रिया हनी' ठेवू. सगळे तिलाच तर पाहायला येतात."

साहेबांना ठाऊक नव्हते. लोकेशला होते, तरी तो मान हलवत होता.

मी म्हटले, "लोकेश, तुह्या बापाले कोनं नेलं, सांग साहेबाले."

"आई, बाबा काई वापस येनार नाई. धंदा पाय ना."

"धंदा तू पाय. नावाले हात लावू नोको."

हे कळूनही साहेबांनी नावाचा हट्ट सोडला नाही. मी करार परत केला. रिसॉर्टने मध घेणे बंद केले आणि लोकेशने माझ्याशी बोलणे. दीपाली मात्र सकाळी गेटबाहेर टेबल मांडून उभी राहिली. पाहुणे बाटलीकडे बोट दाखवत. ती सांगे, "झिंगरू. माझे सासरे." कोणी 'जिंगलू' म्हणे, कोणी 'सिंगरू'. एक गोरी म्हातारी चुकत चुकत शेवटी बरोबर म्हणाली आणि स्वतःच टाळ्या वाजवू लागली. त्या टेबलाचे आज दुकान झाले आहे.

३. दीपालीने हे नाव बदलू नये, तोडून लहानही करू नये. कोणी चुकीचे म्हटले तर हसू नये. आपण नीट म्हणून दाखवावे.

४. रिसॉर्टच्या त्या साहेबांना माझ्यातर्फे एक बाटली फुकट द्यावी. लेबल त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे, मगच हातात द्यावी.

५. लोकेशला हे मान्य नसेल तर त्याने खुशाल कोर्टात जावे. वकीलबाई संघप्रिया रामटेके लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, "बाई, एवढी कहाणी मृत्युपत्रात लागत नाही." मी म्हटले, "लागते बाई. लिवा तुमी. भांडन कोर्टात गेलं, तं जजसाहेबाले बी हे नाव भरकोर्टात म्हनावं लागन."

वरील मजकूर मला वाचून दाखवला. एकही शब्द मऊ केलेला नाही, याची खात्री करून सही करते.

सही: बायनाबाई झिंगरू मडावी

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार:
१. सोमाजी लच्छू कुळमेथे, आंबेझरी
२. रंजीता अश्वजित खोब्रागडे, मोहर्ली

ठिकाण: भद्रावती
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५