नॉर्मनदादास, मी त्या पक्षात का गेलो त्याबद्दल

तीर्थरूप नॉर्मनदादास,

धाकट्या रेमंडचा नमस्कार. तुझा गुडघा आणि वाटाण्याचे वेल दोन्ही ताठ असतील अशी आशा आहे. उन्हाळ्यापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितो आहे. (कागद फाडला तरी आधी वाचावा लागतो.)

जे ऐकलंस ते खरं आहे. ज्या पक्षाचं वर्तमानपत्र बाबांनी मासे गुंडाळायलाही घरात येऊ दिलं नाही, त्या पक्षाचा मी सभासद झालो. पण का झालो ते तुला कुणी सांगितलं नसणार. त्यांचा पंतप्रधान पायउतार झाला आणि नव्या नेत्याची शर्यत लागली. खासदार आपसात गाळत गाळत दोनच उमेदवार ठेवतात आणि त्यातला एक सभासद निवडतात. म्हणजे सबंध देशाचा पंतप्रधान त्यांचे सभासद ठरवणार आणि आपण खिडकीतून बघणार. त्यातल्या क्लॅरिसा पेनफोल्डबाई आपल्या गावच्या सभागृहात आल्या होत्या. डोरीनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मी आहे तोवर तुमच्या रुग्णालयातलं डायलिसिस कुठेही हलणार नाही." दुसरा उमेदवार ते बंद करणार, हे लपवतही नव्हता. बायकोचं रक्त आठवड्यातून तीनदा धुवावं लागतं, दादा. अशा माणसाला तत्त्वं परवडत नाहीत, म्हणून मी सही केली.

नुसत्या सहीवर भागेल असं वाटलं होतं. शाखेच्या चिटणीस ट्रॅन्टरबाईंनी चहाला बोलावलं आणि वडील काय करत विचारलं. खाणीत होते, म्हटलं. खाण त्यांचीच होती असं बाईंनी परस्पर ठरवून टाकलं आणि मला केकचा मोठा तुकडा दिला. (मी तो खाल्ला. बाबांच्या नावावर त्या लोकांकडून आजवर मिळालेलं तेवढंच.) मग माझ्या गळ्यात पत्रकांची पिशवी आली, तीही आपल्याच गल्लीत वाटायची. संपात आपल्याबरोबर खाणीच्या फाटकावर उभा राहणारा स्टॅन हॉगार्थ दारातच होता. त्याने पत्रक घेतलं, चष्मा लावून सगळं वाचलं, नीट घडी घालून माझ्याच खिशात ठेवलं आणि म्हणाला, "रेमंड, तुझा बाप मेलाय ते बरंय." तेव्हापासून पबमध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते. तरी मी पत्रकं वाटत राहिलो. कुत्र्यांनी धरलं, पावसाने झोडपलं, ट्रॅन्टरबाईंनी शाबासकी दिली. यातलं सर्वांत वाईट काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि मतपत्रिका टपालात पडायच्या आदल्या सकाळी पेनफोल्डबाईंनी माघार घेतली. पक्षाच्या ऐक्यासाठी, म्हणे. दुपारी त्या परराष्ट्रमंत्री झाल्या. उरला एकच उमेदवार, म्हणून मतदानच रद्द. शाखेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि एवढ्या सहज कसं जमलं याचं कौतुक केलं. मी विचारलं, मग आमच्या मताचं काय? ट्रॅन्टरबाई मायेने म्हणाल्या, "अहो, आता गरजच उरली नाही ना." मला रडू आलं. त्यांना ते पक्षप्रेम वाटलं.

डोरीन एवढंच म्हणाली, "मत द्यायला गेलास आणि त्यांचा पोस्टमन होऊन आलास." वहिनींना आमच्या दोघांचा नमस्कार.

तुझा,
रेमंड

ता. क. मी शाखेचा उपाध्यक्ष झालो आहे. एकमताने. मतदान झालं नाही.

ता. क. आणखी एक. इथलं डायलिसिस गेल्या शुक्रवारी बंद झालं. आता न्यूकॅसलला, तुझ्या घरामागच्या मोठ्या रुग्णालयात जावं लागतं. उपचार संपेपर्यंत परतीची बस निघून जाते. काल डोरीन चार तास थांब्यावर बसली होती. तुझी मागची खोली डोरीनला दे. मी उंबरठ्याच्या आत येणार नाही, रविवारी फाटकापाशी तिला भेटून जाईन. उत्तर तिच्या नावाने पाठव. तिचं आणि तुझं काही भांडण नाही.