आवाज बंद केला की झालं

२ फेब्रुवारी, रविवार
घरात हुकूम निघालाय. गाडीचं सर्व्हिसिंग होईपर्यंत चिऊ माझ्या मागे बसणार नाही. कारण काय, तर काल तिला शाळेतून आणताना सिग्नलला गाडी जरा पुढे जाऊन थांबली. जरा म्हणजे पुढच्या टेम्पोला चाक टेकलं. टेकलं, धडकलं नाही. पण चिऊने घरी येऊन आईला सगळं साभिनय करून दाखवलं. आठ वर्षांची पोरगी, आणि टेम्पोवाल्याच्या शिव्या गाळायचंही भान नाही.

उद्यापासून तिला शाळेत सोडणार कोण? मेहुणा. तो समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहतो, ही या घराची जुनी अडचण.

बायको म्हणते, गॅरेजला टाक. मी का टाकू? मी श्रवणयंत्रांच्या दुकानात काम करतो. आयुष्य लोकांचे कान तपासण्यात गेलं. ज्याला दुसऱ्याच्या कानातली कुरकुर कळते त्याला स्वतःच्या गाडीची कळणार नाही?

संकल्प: संपूर्ण मेंटेनन्स स्वतः करायचा. कानाने.

३ फेब्रुवारी, सोमवार
चिऊ मेहुण्याच्या खटाऱ्यावर बसून गेली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

माझ्या मागे बसायची तेव्हा रात्री पडलेलं स्वप्न कानात ओरडून सांगायची. प्रत्येक ब्रेकला तिचं हेल्मेट पाठीवर ठक्. आज सबंध रस्ता पाठ मोकळी मोकळी वाटली. जॅकेट पातळ आहे, ते असेल.

पुढचा ब्रेक दाबला की गाडी किंचाळते. नोंद घेतली. रविवारी पहाटे सहाला उठून निकाल लावतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार
पुलाखाली कुणीतरी बाईकसकट आडवा झालेला. लोक जमलेले. मीही थांबलो (थोडा पुढे जाऊन). म्हणे ब्रेक लागला नाही. ब्रेक लागत नाही म्हणजे काय? माणसाने वेळच्या वेळी लक्ष नको द्यायला? लोकांना गाड्या हव्यात, गाडीची काळजी नको. तिथे उभ्या असलेल्या चार जणांना हे नीट समजावून सांगितलं. त्यामुळे दुकानात उशीर.

९ फेब्रुवारी, रविवार
दहाला उठलो. शरीराचाही मेंटेनन्स असतो.

गाडी धुतली, शाम्पूने. मग पॉलिश. टाकी इतकी चमकली की तिच्यात बघून भांग पाडला. टायरांना काळं पॉलिश, अख्खी बाटली. बायको खाली आली आणि एवढ्या देखण्या गाडीत तिने काय पाहिलं? टायर. हात फिरवून म्हणाली, यावरच्या खाचा कुठे गेल्या, हा तर गुळगुळीत झालाय. मी समजावलं, गुळगुळीत टायर रस्त्याला कमी घासतो, ॲव्हरेज वाढतं. ती हात पुसत वर निघून गेली. पटलं असावं.

लग्नाआधी ती स्वतः मोटरसायकल चालवायची म्हणे. मी कधी पाहिलेलं नाही, तेव्हा या विषयात तिचं मत मी धरत नाही.

वेळ न उरल्यामुळे ब्रेक राहिला.

१२ फेब्रुवारी, बुधवार
आता खडखड सुरू. दुकानात आज ते आजोबा आले होते, सून बोलायला लागली की मशीन बंद करणारे. सांगत होते, बटण दाबलं की घरात कशी शांतता. मी मनातल्या मनात हसलो. काय एकेक माणसं असतात.

संध्याकाळी निदान झालं. खडखड चेनची वाटते, पण आहे नंबरप्लेटची. प्लेटमागे जुना मोजा कोंबला. आवाज निम्मा. उरलेल्या निम्म्यासाठी जोडीतला दुसरा मोजा शोधतोय.

१६ फेब्रुवारी, रविवार
मेहुणा दर रविवारी गाडीची चेन साफ करतो. टूथब्रशने. स्वतःच्या दातांना एवढा वेळ देत असेल असं वाटत नाही. मग हवा तपासतो, ऑइल तपासतो, हेडलाइट लावून बघतो. भर दिवसा! आयुष्यात दुसरं काही नसलं की माणसाचं हे असं होतं.

आज टूथब्रश चिऊच्या हातात होता. घरी दात घासायला तिला तीनदा सांगावं लागतं.

मग मेहुणा न बोलावता माझ्या गाडीपाशी आला. म्हणाला, भाऊजी, ब्रेकपॅड संपलेत, लोखंडावर लोखंड घासतंय म्हणून ती ओरडतेय. वर चेन लोंबतेय आणि ऑइल पार काळं झालंय. मी म्हटलं, कॉफीही काळीच असते. तेवढ्यात चिऊ म्हणाली, मामा, बाबांची चेन बोटाने केवढी हलते बघ. मोठ्यांच्या गाडीला बोट लावू नये, हे हल्ली शाळेत शिकवत नाहीत वाटतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार
गॅरेजला गेलो होतो. (घरी सांगितलेलं नाही. मुद्दाम लांबचं निवडलं.) आधीच दोन गाड्या उभ्या. गॅरेजवाला मान वर न करता म्हणाला, ठेवून जा, संध्याकाळी न्या. ठेवून जा! ओळख ना पाळख, आणि गाडी ठेवून जा! तसाच परत फिरलो.

येताना उतारावर गाडी थांबायला तयार नव्हती. पाय टेकवत टेकवत आणली. बुटाचा सोल निघाला. हल्ली बूटही चांगले मिळत नाहीत.

२२ फेब्रुवारी, शनिवार
सापडलं!!

रोग: किंचाळणे. कारण: कोरडेपणा. किती साधं! कान कोरडा पडला तर थेंब टाकतात, मग ब्रेक कोरडा पडला तर? दुकानातून कानात थेंब सोडायची रिकामी बाटली आणली, तिच्यात शिलाई मशीनचं तेल भरलं आणि पुढच्या चाकाच्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी सोडलं. सढळ हाताने. चाक फिरवलं, ब्रेक दाबला. चिडीचूप! जगात इतके गॅरेजवाले आणि एकाला हे सुचू नये?

बायकोला खाली बोलावून ऐकवलं. आवाज येत नाही, हे तिला मान्य करावं लागलं. पण म्हणाली, आवाजाचं मला काय करायचंय, थांबते का ते दाखव. शेवटी ठरलं: उद्या सकाळी मी बिल्डिंगला एक फेरी मारायची आणि गेटवर तिच्यासमोर गाडी उभी करायची. उभी राहिली तर सोमवारपासून चिऊ माझ्या मागे.

चिऊ म्हणाली, मग मी उद्याच बसते. मी म्हटलं, बस की! बायकोने तिचा दंड धरला तो जेवणं होईपर्यंत सोडला नाही. नवऱ्यावर एवढा अविश्वास बरा नव्हे.

२३ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ७
इस्त्रीचा शर्ट. टायरांना पॉलिशचा आणखी एक हात. उद्यासाठी चिऊचं हेल्मेट पुसून ठेवलं. पाठीला आत्तापासूनच बरं वाटतंय.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळ
उजवं मनगट प्लास्टरमध्ये. डाव्या हाताने लिहितोय. थोडक्यात.

गेटवर तिघं उभे: बायको, चिऊ, मेहुणा. मी मुद्दाम वेगात आलो. हळू येऊन थांबण्यात काय कौतुक? पुढचा ब्रेक दाबला. आवाज आला नाही. दुसरंही काही झालं नाही. तिघांच्या समोरून मी तसाच निघून गेलो. चिऊने टाटा केला. मग पायाने मागचा ब्रेक दाबला, तर मागचं चाकच माझ्या पुढे जायला निघालं. त्याच वेळी चेन उतरली. त्यानंतर पाण्याच्या टाकीची भिंत.

नंबरप्लेटमागचा मोजा जागच्या जागी आहे.

दवाखान्यात डोळे मिटून पडलो होतो. सगळ्यांना वाटलं, झोप लागली. चिऊ हळूच आईला विचारत होती, मी मागे बसले असते तर मी कुठे पडले असते? मेहुणा उठून बाहेर गेला.

माझे कान फार चांगले आहेत. आज नसते तर बरं झालं असतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार
दुकानात जो तो विचारतो, काय झालं? सांगितलं, तेलावरून घसरलो. खोटं आहे का? लोक कुठेही तेल सांडून ठेवतात, असंही पुढे जोडलं. आजोबा सहानुभूतीने मान डोलवत होते. मशीन बंद होतं.

त्या भिंतीचा रंगही फिका आहे. सोसायटीला लिहायला हवं. हात बरा झाला की.

३ मार्च, सोमवार
गाडी शनिवारीच गॅरेजमधून आली. मेहुण्यानेच नेऊन टाकली होती. नवे ब्रेकपॅड, नवे टायर, नवी चेन, नवं ऑइल. टाकीवरची धूळ मात्र तशीच. याला म्हणतात सर्व्हिसिंग!

सकाळी हात गळ्यात अडकवून बाल्कनीत उभा होतो. खाली बायकोने गाडी काढली. म्हणजे चालवायची हे खरं होतं. निघण्याआधी वाकून चेनला बोट लावून बघितलं, टायर बघितले, ब्रेक दाबून बघितला. शेवटी मेहुण्याचीच बहीण. मग चिऊ तिच्या मागे बसली.

काही चुकलं तर वरून सूचना द्यावी म्हणून मी कान टवकारून ऐकत होतो. चेनचा आवाज नाही. ब्रेकचा आवाज नाही. गेटपाशी गाडी जिथे थांबायची तिथेच थांबली आणि चिऊचं हेल्मेट आईच्या पाठीवर ठक्. तेवढं वरपर्यंत ऐकू आलं.

मग चिऊ पुढे झुकून आईच्या कानात स्वप्न सांगायला लागली. मी कठड्यावरून वाकलो, श्वास रोखला. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत खूप प्रयत्न केला. एक शब्द ऐकू आला नाही.